आधी अंधार, मग प्रोजेक्टर

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण हसतील. घरातली एक खोली सिनेमासाठी राखून ठेवायची, तिच्या भिंतीवर मोठा पडदा लावायचा आणि भारी किमतीचा प्रोजेक्टर आणून त्यावर चित्र पाडायचे, ह्याला शहरात होम थिएटर म्हणतात. कुणी म्हणेल, गुरुजी, आम्हा खेड्यातल्या माणसांना ह्याचे काय? पण मंडळी, हौस काही शहरातच राहत नाही. आणि हौसेपायी जेव्हा एका हंगामाचे पैसे खर्ची पडायची वेळ येते, तेव्हा त्यात शास्त्र काय आहे हे समजून घ्यायला हवे. शाळेसाठी असले यंत्र घेणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनाही ह्यातले बरेच उपयोगी पडेल.

गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षाची बाग आहे. दोन हंगाम बरे गेले, गारपीट चुकली, म्हणून त्याने घर वाढवले आणि मागच्या अंगाला १८ फूट लांब व १२ फूट रुंद अशी एक खोली काढली. हौस त्याच्या एकट्याची नव्हती. त्याची आई ऐंशीच्या घरातली. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेले सिनेमे तिला अजून आठवतात. आता गुडघे चालत नाहीत. नाशिकच्या थिएटरच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. तेव्हा थिएटरच घरी आणू, असे लेकाने मनात घेतले.

त्याने दुकानातून एक प्रोजेक्टर आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३,००० ल्युमेन असे छापलेले होते. रविवारी दुपारी भावकीतली माणसे जमली, यंत्र सुरू झाले, आणि पडद्यावर जे दिसले ते पाहून सगळे गप्प झाले. माणसांचे चेहरे पिठूळ, रात्रीचा प्रसंग राखाडी, काळा घोडा धुरकट. दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "साधं मशीन घेतलंत, असंच दिसणार. पाच लाखांचं भारी मशीन घ्या, मग बघा."

तो पोरगा चार माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आला. एकात ल्युमेनचा आकडा मोठा, दुसऱ्यात दहा लाखांस एक असा कॉन्ट्रास्ट, तिसऱ्यात ४-के, चौथ्यात लेसर. म्हणाला, "गुरुजी, पाच लाख म्हणजे पुढच्या हंगामाची औषधं आणि मजुरी. पण आईसाठी घ्यायचाच आहे. ह्यातला कोणता घेऊ, तेवढं सांगा."

मी म्हटले, "अरे, यंत्र राहू दे. आधी मला खोली दाखव."

खोली पाहिली. पश्चिमेला दोन मोठ्या खिडक्या. भिंती पांढऱ्याशुभ्र, छत पांढरे, खाली चकचकीत फरशी. खिडक्यांना पातळ फुलाफुलांचे पडदे. म्हातारी बाजेवर बसून माळ ओढत होती. आमचे बोलणे ऐकून ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या वेळेला तंबूवाला आधी कनात सोडायचा, कंदील मालवायचा आणि मग चित्र लावायचा. ह्या पोरांनी उजेडात चित्र लावलंय, ते धुतल्यासारखं दिसणारच की!"

मंडळी, म्हातारीने सगळे शास्त्र एका वाक्यात सांगितले. आता मी जे बोलणार आहे ते त्या वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

प्रोजेक्टर म्हणजे काय? एक तेजस्वी दिवा, त्या उजेडाचे चित्र करणारी चकती आणि ते चित्र मोठे करून फेकणारे भिंग. ह्या यंत्राला एकच गोष्ट येते, ती म्हणजे पडद्यावर उजेड टाकणे. उजेड काढून घेणे त्याला येत नाही. चित्रकाराकडे काळ्या रंगाची बाटली असते. प्रोजेक्टरकडे ती नसते. चित्रात जिथे काळे केस आहेत तिथे तो फक्त उजेड टाकायचे थांबतो. मग तिथे दिसते काय? तर त्या वेळी पडदा जसा असेल तसा. खोलीत उजेड असेल तर पडदा राखाडी दिसतो आणि केसही राखाडी दिसतात. म्हणून चित्रातला काळा रंग खोली पुरवते, आणि यंत्र फक्त पांढरा पुरवते. काळा फेकणारा प्रोजेक्टर कोणत्याही किमतीला मिळत नाही.

ही गोष्ट आपल्याकडच्या जुन्या माणसांना चांगली ठाऊक होती. सिनेमा येण्याच्या आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून खेळ सुरू केले. त्याला ते शांबरिक खरोलिका म्हणत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. ह्या सगळ्यांचे दिवे आजच्या मानाने मिणमिणतेच. तरी लोक थक्क झाले, कारण दिवा लहान असला तरी अंधार पुरेसा होता.

आता थोडा हिशोब करू. घाबरू नका, चौथीच्या मुलाला येईल एवढाच आहे.

पहिला प्रश्न, पडदा केवढा घ्यावा? आमच्या ह्या खोलीत आईची बैठक पडद्यापासून १२ फुटांवर येणार होती. चित्र डोळ्यांना भरून दिसावे, पण मान इकडून तिकडे फिरवावी लागू नये, असे पाहायचे. त्यासाठी सोपा नियम असा, की बसण्याच्या अंतराला दीडने भागावे. येईल तेवढी चित्राची रुंदी. १२ भागिले दीड, म्हणजे ८ फूट. आजकालचे चित्र १६ ला ९ ह्या प्रमाणात असते, म्हणून ८ फुटांना उंची साडेचार फूट. दुकानात ह्यालाच ११० इंची पडदा म्हणतील, कारण ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. ज्याला थोडे मागून बघितल्यासारखे आवडते त्याने दोनाने भागावे. पण खोली मोठी आहे म्हणून भिंतभर पडदा लावू नये. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, आणि तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरून फिका पडतो.

दुसरा प्रश्न, उजेड किती लागतो? आपला पडदा ८ गुणिले साडेचार, म्हणजे ३६ चौरस फूट. सिनेमाच्या थिएटरात, साध्या पांढऱ्या पडद्याच्या हिशोबाने, दर चौरस फुटाला १४ ते १६ ल्युमेन इतका उजेड असतो. मधला १५ धरला, तर ३६ गुणिले १५, म्हणजे ५४० ल्युमेन. पुन्हा एकदा सांगतो, पाचशे चाळीस! आणि बाजारात लोक तीन हजार, चार हजारांच्या मागे धावतात. आता व्यवहार म्हणून हा आकडा दुप्पट धरावा. कारण यंत्रावरचा आकडा सगळ्यात भडक रंगछटेत मोजलेला असतो. रंग नैसर्गिक ठेवले की तो बराच खाली येतो. शिवाय दिवा जुना झाला की मंदावतो. तरीही १,१०० खरे ल्युमेन आपल्या खोलीला भरपूर झाले. मग त्या पोराच्या ३,००० ल्युमेनच्या यंत्राचे असे का झाले?

त्याचा हिशोब असा. कागदावरचे सगळे ३,००० ल्युमेन मिळतात असे धरू. ३६ चौरस फुटांवर ते पसरले, की दर चौरस फुटाला ८३ पडले. पातळ पडद्यांतून दुपारचा जो उजेड येत होता, तो पडद्याजवळ चौरस फुटाला १० च्या घरात होता. हे मोजायला आता मोबाइलमध्येही सोय मिळते. मोबाइल लक्स ह्या मापात आकडा दाखवतो, त्याला साधारण ११ ने भागले की आपला आकडा मिळतो. मोबाइलचे माप अगदी काटेकोर नसते, पण अंदाजाला पुरते. तर पांढऱ्या जागी ८३ आणि १० मिळून ९३, काळ्या जागी नुसते १०. म्हणजे पांढरा हा काळ्याच्या जेमतेम नऊपट. एवढ्या अंतरात चित्र कसे उठणार?

बरे, आता ६,००० ल्युमेनचे यंत्र आणले तर? पांढऱ्या जागी १७७, काळ्या जागी तेच १०. जवळजवळ अठरापट. दिवा दुप्पट केला आणि लाभ झाला तो एवढाच. उलट यंत्र आहे तेच ठेवले आणि जाड पडदे लावून खोलीतला उजेड दहावरून एका दशांशावर आणला, तर पांढरा हा काळ्याच्या शेकडो पटींवर जाऊ शकतो. खर्च म्हणाल तर शिंप्याची शिलाई आणि थोडे जाड कापड.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. पाच लाखांचे यंत्र त्या दुपारी त्या खोलीत कसे दिसले असते?

भारी यंत्राचे पैसे प्रामुख्याने काळेपणासाठी मोजायचे असतात. यंत्राने उजेड थांबवला तरी थोडा गळतोच. पाण्याचा नळ बंद केला तरी थेंब ठिबकतो, तसा. साध्या यंत्रात पांढऱ्याच्या हजाराव्या हिश्शाइतका उजेड गळतो, असे धरू. चांगल्या भारी यंत्रात वीस हजाराव्या हिश्शाइतकाच गळतो, असे धरू. पण ही भारी यंत्रे बहुधा फार झगझगीत नसतात. समजा, त्याचे ल्युमेन १,५०० आहेत, म्हणजे आपल्या पडद्यावर चौरस फुटाला ४२. भिंतींवरून परतणारा उजेड क्षणभर बाजूला ठेवू आणि ही दोन यंत्रे तीन प्रकारच्या खोल्यांत लावून पाहू.

उजेडाच्या खोलीत, जिथे चौरस फुटाला १० येतात, तिथे साधे यंत्र नऊपट अंतर दाखवते आणि भारी यंत्र पाचपट. म्हणजे पाच लाख खर्चून चित्र आधीच्यापेक्षा फिके! अर्धवट अंधाराच्या खोलीत, जिथे एक दशांश ल्युमेन येतो, तिथे दोन्ही यंत्रे चारशेपटींच्या आसपास सारखीच. आणि पुऱ्या अंधारात, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका किंवा त्याहून कमी उजेड असताना, साधे यंत्र नऊशेपट आणि भारी यंत्र साडेतीन हजारपट. भारी यंत्राची किंमत वसूल होते ती फक्त इथे. ज्याने अंधार केला नाही, त्याने भारी यंत्र घेणे म्हणजे गळक्या टाकीला मोठी मोटर बसवणे.

मी त्या पोराला हे सगळे पाटीवर मांडून दाखवले. तो बराच वेळ आकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी मशीन घेतलं असतं तरी आईला तेच दिसलं असतं?" मी म्हटले, "त्याहून वाईट दिसलं असतं."

मग आम्ही खोली सुधारायला घेतली. खिडक्यांना आतून जाड, काळ्या अस्तराचे दुहेरी पडदे लावले. ते भिंतीच्या कडेपर्यंत नेले, म्हणजे फटीतून उजेडाची रेघ येत नाही. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी मारली. नंतर भिंती. पुष्कळ लोक इथे चुकतात. खिडक्या झाकल्या म्हणजे अंधार झाला, असे त्यांना वाटते. पण सिनेमा सुरू झाला की पडद्यावरचाच उजेड खोलीभर पसरतो. पांढरी भिंत त्यातला पाचांपैकी चार हिस्से परत फेकते आणि तो पुन्हा पडद्यावर येऊन चित्राचे काळे भाग धुऊन टाकतो. गडद आणि बिनचमकीचा रंग दहापैकी नऊ हिस्से गिळून टाकतो. सगळी खोली गडद करणे जमत नसेल तर निदान पडद्याची भिंत, तिच्यापुढचे चारपाच फूट छत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तरी गडद कराव्यात. आम्ही गडद तपकिरी रंग काढला आणि फरशीवर जाड सतरंजी घातली. घरातल्या सुनेने नाक मुरडले, "ही काय गुहा केलीत?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण सिनेमाची खोली गुहेसारखीच असावी लागते.

त्या रात्री आम्ही जुनेच यंत्र पुन्हा लावले. नवीन काही घेतले नव्हते. सगळे पाहत राहिले. घोडा काळा झाला होता, चेहऱ्यांना रंग आला होता. मी त्या पोराला म्हटले, "आता महिनाभर हेच बघ. मग मला सांग, तुला काय कमी वाटतं. जे कमी वाटेल त्याचेच पैसे द्यायचे."

महिन्याने तो आला. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. रात्रीच्या प्रसंगात अजून काळ्यावर राखाडी साय दिसते, आणि यंत्राचा पंखा हळू संवादांच्या वेळी घूं घूं करतो. आता खरी निवड करता येणार होती, कारण काय शोधायचे ते त्याला कळले होते.

तेव्हा निवडीच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो.

घरात वापरायच्या प्रोजेक्टरमध्ये चित्र तयार करायच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिली डीएलपी. तिच्यात लाखो अतिसूक्ष्म आरसे असतात आणि ते क्षणात हजारो वेळा झुकून उजेड पडद्याकडे किंवा बाजूला पाठवतात. ही युक्ती अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक ह्यांनी १९८७ मध्ये काढली. चित्र रेखीव येते. पण एकाच चकतीच्या यंत्रात लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक टाकतात, त्यामुळे नजर झटकन फिरवली तर काहींना रंगांच्या झिरमिळ्या दिसतात. दुसरी रीत एलसीडी. हिच्यात तीन रंगांसाठी तीन पट्ट्या असतात, म्हणून झिरमिळ्या नाहीत. तिसरी एलकॉस. जेव्हीसी तिला डी-आयएलए म्हणते आणि सोनी एसएक्सआरडी म्हणते. खोल काळ्या रंगासाठी अंधाऱ्या खोलीत ही तिसरी रीत बहुधा वरचढ ठरते, आणि महागही असते.

माहितीपत्रकातला दहा लाखांस एक हा आकडा वाचून भुलू नका. बहुतेक वेळा तो दोन वेगवेगळ्या क्षणांची तुलना असतो. सगळा पडदा काळा असताना यंत्र आपला दिवा मंद करते आणि तो काळा मोजला जातो. सगळा पडदा पांढरा असताना दिवा पूर्ण असतो आणि तो पांढरा मोजला जातो. पण आपल्याला हवे असते एकाच चित्रातले अंतर, काळ्या आभाळात चंद्र. म्हणून दुकानदाराला विचारावे, "दिवा कमीजास्त न करता मूळचा कॉन्ट्रास्ट किती?" त्याला उत्तर देता आले नाही तर समजून घ्यावे.

आता ४-के. साध्या पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. ४-केमध्ये ३,८४० आणि २,१६०, म्हणजे चौपट, जवळजवळ ८३ लाख. निरोगी डोळ्याला १२ फुटांवरून साधारण एक मिलिमीटरपर्यंतचे बारकावे वेगळे दिसतात. आपल्या ८ फुटी पडद्यावर एचडीचा ठिपका सव्वा मिलिमीटर होतो आणि ४-केचा पाऊण मिलिमीटरपेक्षाही लहान. तेव्हा १२ फुटांवरून ४-के घेण्यात अर्थ आहे, पण त्यापुढे ८-केचे जादा पैसे देण्यात नाही. काही यंत्रांत कमी ठिपक्यांची चकती असते आणि ती चित्र भराभर सरकवून जास्त ठिपके दाखवते. ते वाईट असते असे नाही, पण त्याची किंमत खऱ्या ४-केएवढी देऊ नये.

एचडीआर हा शब्दही ऐकू येईल. त्यात चित्रातल्या अतिप्रखर जागा, सूर्याची तिरीप, दिव्याची ज्योत, ह्या अधिक प्रखर दाखवायच्या असतात. टीव्हीला ते जमते. प्रोजेक्टरचा उजेड मोठ्या पडद्यावर पसरत असल्यामुळे त्याला तेवढी प्रखरता गाठता येत नाही, तो ती आपल्या मापात बसवून घेतो. काही यंत्रे हे नीट करतात, काही चित्र काळवंडून टाकतात. हे स्वतः पाहूनच ठरवावे.

भिंगाकडे लक्ष द्या. पडद्यापासून यंत्राचे अंतर भागिले चित्राची रुंदी, हे प्रत्येक भिंगाचे ठरलेले असते. आमची खोली १८ फूट. मागच्या भिंतीवर फळी मारून यंत्र ठेवले तर भिंग १६ फुटांवर येते. १६ भागिले ८, म्हणजे २. ज्या यंत्राच्या भिंगात २ हा आकडा बसत नाही ते इथे उपयोगाचे नाही, मग ते कितीही नामांकित असो. भिंग वरखाली, डावेउजवे सरकवायची सोय असलेले यंत्र घ्यावे. ती नसेल तर तिरपे पडलेले चित्र यंत्र आतल्या आत कापून सरळ करते, आणि त्यात पैसे देऊन घेतलेले ठिपके वाया जातात.

दिवा कोणता? पाऱ्याच्या वाफेचा दिवा साधारण तीनचार हजार तास चालतो, मग बदलावा लागतो. लेसरवर चालणाऱ्या यंत्राचा उजेड निम्म्यावर यायला सुमारे वीस हजार तास लागतात, असे कंपन्या सांगतात. रोज दोन तास धरले तर ती सत्तावीस वर्षे झाली. पण आपल्याकडे खरा प्रश्न विजेचा आहे. पाऱ्याचा दिवा बंद केल्यावर काही वेळ पंख्याने थंड व्हावा लागतो. मध्येच वीज गेली तर तो तापलेलाच राहतो आणि त्याचे आयुष्य घटते. लेसरला ही भीती कमी. तरी कोणत्याही यंत्राला विजेचा दाब सांभाळणारे साधन आणि छोटा यूपीएस जोडावाच. धुळीची जाळी दर महिन्याला झटकावी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदोनदा यंत्र चालू करावे, म्हणजे आत दमट धरत नाही. आणि मुलांना सांगून ठेवावे की चालू यंत्राच्या भिंगात डोळा घालून बघायचे नाही.

यंत्र पाहायला जाताना दुकानदार जे दाखवील ते पाहू नका. तो समुद्र, फुले, पोपट दाखवील. असले रंग सगळ्याच यंत्रांवर छान दिसतात. आपण एक जुना काळा-पांढरा चित्रपट घेऊन जावा. त्यात लपायला रंग नसतो, त्यामुळे काळा आणि राखाडी ह्यांतला फरक लगेच कळतो. दुकानातले दिवे मालवायला सांगावे. रात्रीचा प्रसंग लावावा, यंत्राजवळ बसून पंख्याचा आवाज ऐकावा. आणि निदान अर्धा तास बसावे, कारण पहिल्या पाच मिनिटांत भडक चित्रच चांगले वाटते.

माझ्या विद्यार्थ्याने तसेच केले. 'संत तुकाराम' घेऊन तो नाशिकला गेला. हा प्रभातचा १९३६ चा चित्रपट. तीन यंत्रे पाहिली. सगळ्यांत झगझगीत यंत्र सोडून दिले आणि ज्याचा काळा खोल, पंखा मुका आणि दुरुस्तीची सोय जिल्ह्यातच, ते लेसरचे यंत्र घेतले. पाच लाखांच्या पुष्कळ आत ते आले. उरलेल्या पैशांतले काही आईच्या आरामखुर्चीला गेले आणि बाकीचे बागेला राहिले.

जुन्या यंत्राचे काय झाले, हे शिक्षक मंडळींना सांगायला हवे. ते त्याने गावच्या शाळेला दिले, आणि तिथे ते उत्तम चालते. कारण वर्गाची गरज वेगळी. तिथे दिवसा शिकवायचे, मुलांना वहीत लिहिता आले पाहिजे, म्हणून खोली पुरी काळोखी करता येत नाही. तिथे तीनचार हजार ल्युमेन कामाला येतात. पांढऱ्यावर काळी मोठी अक्षरे आणि ठसठशीत आकृत्या असल्या, की थोडा उजेड चालून जातो. तेव्हा शाळेने घरच्या सिनेमाचे महागडे यंत्र घेऊ नये आणि सिनेमाच्या खोलीसाठी वर्गाचे यंत्र घेऊ नये. मुलांना हे पटवायचे असेल तर एक प्रयोग करा. टॉर्चपुढे कागदाची बाहुली धरून तिची सावली आधी अंगणात उन्हात पाडायला सांगा, मग दार लावलेल्या कोठीत. टॉर्च तीच, बाहुली तीच. फरक कशाने पडला, ते मुलेच सांगतील.

यंत्र आले त्या रात्री मी तिथे होतो. दिवे मालवले. 'संत तुकाराम' जवळजवळ चौकोनी आकाराचा, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहिल्या होत्या, पण त्या इतक्या काळ्या होत्या की पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे लागते हे कळत नव्हते. म्हातारी आरामखुर्चीत पुढे सरकून बसली होती. मोतीबिंदू काढलेले डोळे तिचे. मध्येच ती लेकाला म्हणाली, "अरे, तंबूत मी मागं बसायचे, पोरं उभी राहायची पुढं. मला तुकोबांची बायको कधी नीट दिसलीच नव्हती. आज दिसली."

मंडळी, यंत्र घ्यायला जाण्याआधी मोजपट्टी, पेन्सिल आणि कागद घेऊन अर्धा तास आपल्याच खोलीत बसा. बसण्याचे अंतर मोजा, पडदा ठरवा, चौरस फूट काढा, उजेड मोजा. खिडकीला कापड लावा, भिंतीला गडद रंग द्या. त्यानंतरही काही कमी पडत असेल, तर ते काय आहे हे कागदावर लिहा आणि तो कागद खिशात घालून मग दुकानाची पायरी चढा.